शेठांनी यायचं नाही

पुलावर थांबलेली गाडी. मागच्या सीटवर पेढे. लांबून आरडाओरडा, पण गोल कुणाचा ते कळत नाही.

भोरच्या फुटबॉल संघाचे मालक गेनूशेठ फायनलच्या दिवशी सारोळ्याच्या पुलावर एकटेच गाडीत बसले होते. हंगामाच्या सुरुवातीला संघ सारखा हरत होता, तेव्हा कप्तान बंडू म्हणाला होता, "शेठ, राग नका मानू. तुमी मैदानात आलात की आमी हरतो."

"मालक मी, आन् मीच भाईर?"

"कोच बदललात, गोलकीपर बदललात. आता बदलायचं ऱ्हायलंय कोण?"

शेठ हसले होते. तेव्हापासून ते बूट आणि केळी किकवीच्या एसटी थांब्यावर पोरांकडे देऊन माघारी फिरत. संघ जिंकत गेला.

फटाके वाजले. बंडूचा फोन आला.

"शेठ, कप आपला!"

"आलोच. पेढे घेऊन ठेवलेत."

"नको, नको! पुढल्या वर्षीबी कप पायजे ना? मग असंच लांब ऱ्हावा."

"बरं," शेठ म्हणाले.

संघ विकत घेतला त्या वर्षी त्यांची बायको गेली होती, आणि संध्याकाळी घरात त्यांना बसवत नव्हतं.