वूव

"निराशा झाली," समीक्षकानं हेडफोन काढले आणि नेमके ओल्या प्लास्टरच्या जबड्यावर ठेवले. "घोर निराशा."

कवळीवाल्याला मेहुणा आठवला. त्यानं सकाळीच बजावलं होतं, "हा माणूस नाही म्हणाला, तर मी ड्रम विकणार आणि बँडच्या खोलीत पिठाची गिरणी घालणार." मेहुण्याचं ड्रम वाजवणं म्हणजे गिरणीची रंगीत तालीमच असायची, त्यामुळे धमकी खरी वाटत होती.

हा गृहस्थ दिवसा लोकांच्या कवळ्या घडवायचा आणि संध्याकाळ झाली की तोंडाला चुना-काजळ फासून 'कवटी' नावाच्या बँडमध्ये मरणाच्या नावानं किंचाळायचा. या किंचाळण्याला ब्लॅक मेटल म्हणतात. मरण, राख, अंधार, असा सगळा आनंदीआनंद. यंदा त्यात त्यानं डोंगराकडची लोकगीतं आणि तिकडची मरू घातलेली बोली कालवून अख्खा अल्बम काढला होता. नाव ठेवलं होतं 'वूव'.

"गिटार ऐकली की दाढेत सणक येते," समीक्षक म्हणाला. कवळीवाल्यानं कोपऱ्यातल्या यंत्रावर हळूच फडकं टाकलं. अर्धी गिटार म्हणजे त्याच्याच कवळ्या घासायच्या यंत्राचा आवाज होता. "ड्रम म्हणजे जिन्यावरून गडगडलेली ट्रंक. आणि ती पिपाणी? बदकावर कुणी बसलं होतं का?"

"सर, म्हणजे काहीच..."

"थांबा. बोली!" समीक्षकाचा आवाज एकदम खाली आला. "वूव फापलं, फाय फांडली, मांवर आलं, मांवर आलं! अंगावर काटा आला हो. अर्थ सांगू नका. अर्थ कळला की गाणं मेलं, हे माझं तत्त्व आहे. पण हे शब्द जिच्या तोंडचे, ती बाई मला ऐकवा. पुढचा अल्बम नुसता तिच्या आवाजाचा करा, मी डोक्यावर घेऊन नाचतो. ते जमत नसेल, तर 'कवटी' संपली असं लिहून मोकळा होतो."

कवळीवाल्यानं सुस्कारा सोडला. खिडकीपाशी स्टुलावर त्याची आत्या बसली होती. कवळी डावीकडे टोचते म्हणून घासून घ्यायला आली होती.

"ती ही बसलीय, सर. पण बोली गेली. मागच्या खेपेला कित्येक वर्षांनी डोंगरावरून खाली आली, तेव्हा हिच्या तोंडी बोलीशिवाय दुसरा शब्द नव्हता. ओट्याशी उभी राहून जुनी गाणी म्हणायची, मी रेकॉर्डर धरून मागे. आणि जायच्या दिवशी बघतो तर तुमच्या-आमच्यासारखं चोख बोलतेय! शहराचं वारं लागलं. माझ्या डोळ्यांदेखत भाषा मेली."

हेच त्यानं अल्बमच्या पाकिटावरही छापलं होतं. काळ्यावर काळ्या अक्षरांत, म्हणून कुणी वाचलं नव्हतं.

समीक्षकाला गहिवरून आलं. तो नाक शिंकरायला बाहेरच्या बेसिनकडे गेला.

आत्या उठून जवळ आली. "बाळ्या, मघाशी त्याच्या कानावरच्या यंत्रातून पार बाहेरपर्यंत कुणी गळा काढून ओरडत होतं, ते तू?"

"हो आत्या. तुझंच गाणं."

"कसलं गाणं रे? गाता गाता मध्येच 'दूध तापलं, साय सांडली, मांजर आलं' म्हणून घसा फोडून सांगत होते तुला! तू आपला ती डबी माझ्या तोंडाशी धरून मान डोलावतोयस. मांजर पातेलं चाटूनपुसून गेलं."

कवळीवाला समजूतदारपणे हसला. "आत्या, दूध नाही ते. वूव. वूव म्हणजे आदिम रात्र."

"आदिम तुझं डोंबल! दात काढून ठेव आणि 'दूध' म्हणून दाखव बघू. अरे मेल्या, कवळी मोडली म्हणून तुझ्याकडे आले होते ना मी? आज देतो, उद्या देतो करत माझे दात या खिडकीत वाळत घातलेस. दिलेस ते थेट जायच्या दिवशी. तोवर मी काय बोलणार होते, पोपटासारखं?"

कवळीवाल्यानं खिडकीकडे पाहिलं. मग फळीकडे पाहिलं. फळीवर गुलाबी हिरड्यांच्या रांगाच्या रांगा मांडलेल्या होत्या. इतकी वर्षं त्याला त्या नुसत्या कवळ्या वाटायच्या. आज पहिल्यांदा लक्षात आलं, सगळ्या हसताहेत.

तेवढ्यात समीक्षक डोळे पुसत आत आला. आत्यासमोर देवळात उभं राहावं तसा उभा राहिला. "आत्याबाई, खरंच का हो? त्या बोलीतला एकही शब्द आता आठवत नाही?"

कवळीवाल्यानं खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. इतकी वर्षं मरणाच्या नावानं बोंबललेला माणूस, पण आवाज फुटेना. नुसता आ वासून उभा राहिला. लहानपणी हातातला फुगा फुटला की तो अस्साच उभा राहायचा.

आत्यानं ते तोंड पाहिलं. मग तिनं समीक्षकाकडे पाठ फिरवली, तोंडावर हात धरला, आणि कवळीवाल्याच्या तळहातावर काहीतरी ओलं, कोमट येऊन पडलं. त्यानं चटकन मूठ मिटली.

आत्या सावकाश वळली. समीक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली,

"फगळं आठवफंय, बाबा. फगळं."