मी कशाला?

"सासूबाईंना एकदाच विचारून मोकळी होऊ नकोस. मोठी माणसं आग्रह केल्यावर हो म्हणतात," आईने फोनवर बजावलं होतं. "नको म्हणजे नकोच असतं, आई," म्हणत शलाकाने ते उडवून लावलं.

हैदराबादची सहल स्वस्तात बसवताना तिच्या नाकी नऊ आले होते. नवऱ्याला चारमिनारजवळच राहायचं होतं, लेकीला पोहायचं होतं, आणि परवडणाऱ्या लॉजच्या खोलीत माणसं तीनच मावत होती. सकाळी सासूबाई "मी कशाला? घर सांभाळते," म्हणाल्या तेव्हा तिला सुटल्यासारखंच वाटलं. तिने लगेच तीन तिकिटं काढली.

दुपारी शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुळशीला मी पाणी घालीन हं. सासूबाईंनी परवाच किल्ली दिलीय."

शलाका तणतणत आत आली. सासूबाई नव्या साडीला फॉल लावत होत्या. "अहो आई, यायचं होतं तर सांगायचं ना!"

"तू कुठे परत विचारलंस?"

"आता विचारते. चला."

"नको गं, मी कशाला?" म्हणत त्यांनी सुईत दोरा ओवला.

शलाकाने कपाळावर हात मारला. तुमच्याही घरी कुणी असं म्हणालं असेल, तर तिकिटं काढण्याआधी कृपा करून आत डोकावून या.