रांजणामागची मुलगी

लपाछपीत ज्याच्यावर राज्य असतं त्याला आमच्याकडे जपानात राक्षस म्हणतात. हातानं काढलेल्या एका जुन्या कार्टूनपटात त्याला खरीच शिंगं होती. क्योटोतले खेळणीवाले तेव्हा फिल्म कापून पोरांना तुकडे विकत. राक्षसाचा तुकडा माझ्या संग्रहात होता. रांजणामागे लपणाऱ्या मुलीचा तुकडा शेजारच्या हात्सुएआजींनी लहानपणापासून जपलेला. मी प्रोजेक्टर घेऊन त्यांच्या घरी गेलो. “जोडू नकोस रे,” आजी म्हणाल्या. “अजून सापडलेली नाही ती.” “आजी, शाईच्या रेघा त्या. त्यांना कोण खातंय?” मी तुकडे चिकटवले आणि हँडल फिरवलं. भिंतीवर राक्षस आला, रांजणामागे वाकला. तिथे कुणीच नव्हतं. मी हँडल सोडलं, तरी तो आमच्याकडे वळला. “लपलात का?” मूकपटातून आवाज आला. मी आजींकडे पाहिलं. त्या बसल्या होत्या ती गादी रिकामी होती. स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या रांजणामागून एक लहान मुलगी कुजबुजली, “थांब, अजून नाही.”