खिडकीतून टाकलेला रुमाल

"द्या इकडे रुमाल!" म्हणत कुणा अनोळखी पैलवानानं द्वारकाबाईंचा रुमाल एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकला. रेटारेटीत त्या कशाबशा चढल्या, तर जागा शाबूत!

अशा उपकाराची काहीतरी फेड करायलाच हवी. त्यांनी खाली उभ्या गरोदर बाईची पिशवी खिडकीतून घेतली आणि शेजारची जागा धरली. त्या बाईनं आत येताच एका मास्तरांची छत्री ओढून घेतली, मास्तरांनी आणखी कुणाची टोपी. बघता बघता गाडी भरली, तरी जागा धरायचा उत्साह काही सरेना.

चहा पिऊन ड्रायव्हर आला आणि केबिनचं दार उघडून थबकला. त्याच्या सीटवर भलाथोरला फणस बसला होता.

"कुणाचा हा?"

द्वारकाबाईंनी रुमाल तोंडाला लावला.

गर्दीतून एक आजोबा ओशाळून म्हणाले, "माझाच. कुणीतरी जागा धरली हो. पण बसा तुम्ही, मी राहतो उभा."