शेजारधर्माचं टोकन

शेजारधर्म हा समाजाचा कणा आहे आणि तो मोडला तर उद्याची पिढी उभीच राहू शकणार नाही. हे वाक्य फ्लेक्सवर होतं आणि फ्लेक्स आक्काताईंच्या खिडकीवर होता. त्यामुळे भर सकाळी ट्यूब लावून चहा करावा लागत होता.

फ्लेक्स विजयसिंहांचा होता. ते प्रभागातून उभे राहणार होते. कुठल्या पक्षातून, ते अजून ठरायचं होतं. कामावर जाणाऱ्या आयांची पोरं शेजारीपाजारी सांभाळतात आणि त्यांना कुणी विचारत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. म्हणून त्यांनी आक्काताईंना पाठबळ दिलं. पाठबळ म्हणजे एक सतरंजी, एक प्लास्टिकचा घोडा आणि फ्लेक्स. फ्लेक्सवर आक्काताई, त्यांच्या मांडीवर संघर्ष, आणि दोघांच्या मिळून दुप्पट आकाराचे विजयसिंह. खाली ठळक अक्षरांत: ‘तुमचं मूल आक्काताईंकडे बिनधास्त सोडा. मोफत.’

संघर्ष हा भिंतीपलीकडच्या संघप्रियाचा मुलगा, दोन वर्षांचा. रोज सकाळी ती त्याला दारातून आत सोडायची, आक्काताई गॅसपुढून मागं न वळता ‘आला का गुलाम’ म्हणायच्या आणि संघप्रिया कोपऱ्यावर पळायची. तिथं शिरोलीच्या फौंड्रीची गाडी यायची. ठेकेदार आकारामची पद्धत साधी होती. गाडीत बाई कमी पडली, की कोपऱ्यावर जी मोकळी दिसेल तिला घ्यायचं, आणि पुढं तिलाच ठेवायचं.

आज ती पोराला घेऊन बाहेर आली तर आक्काताईंच्या दारात रांग. बायका, त्यांच्या काखेत पोरं, आणि उंबऱ्यावर स्वतः विजयसिंह.

“ताई, रांगेत या.”

“आवो दादा, मी शेजारची.”

“सगळ्या शेजारच्याच हायत. टोकन?”

“कसलं टोकन?”

“सकाळीच वाटली. मोजकीच ठेवल्यात. पोरं जास्त झाली की दर्जा घसरतो.”

संघप्रियानं फ्लेक्सकडं बोट केलं. “मग त्यो वर कोण हाय?”

विजयसिंहांनी वर पाहिलं, मग संघर्षकडे पाहिलं. “फोटो मात्र गोड आलाय,” ते म्हणाले.

आतून आक्काताईंचा आवाज आला. त्यांच्या कडेवर एक पोर होतं, पदराला दुसरं लोंबकळत होतं आणि तिसरं घोड्यावरून पडून रडत होतं. “आरं विजय, सोड की तिला आत! त्यो घरातला हाय. त्याला कसली रांग?”

एवढं ऐकलं आणि रांग पेटली. शेवटचं टोकन मुठीत धरलेली हिरव्या ओढणीची बाई पुढं आली. “म्हंजे आमी उजाडल्यापास्नं उभारायचं आणि हिचं पोर वशिल्यानं आत?”

“वशिला कसला ग? जलमल्यापास्नं हितंच वाढलंय त्ये,” संघप्रिया म्हणाली.

“मग तर बास की! तुमी लई दिवस फायदा घेतलाय. आता दुसऱ्याला घेऊ द्या.”

रांगेला हे पटलं. एकीनं मोबाईल वर धरला. मोबाईल दिसताच विजयसिंहांचा आवाज बदलला. “आपल्या योजनेत वशिला चालणार नाही. मूल घरातलं असो, नाहीतर माझं असो.”

त्यांचा राजवीर पहिल्या टोकनावर आधीच आत गेला होता. घोड्यावर आता तोच होता.

“घर माझं, आणि मलाच इचारत न्हायस व्हय रं?” आक्काताई ओरडल्या.

“आक्का, तुमच्या सन्मानासाठीच चाललंय हे सगळं.”

संघप्रिया खिडकीकडं धावली. तिथून तरी पोर आत देता आलं असतं. पण खिडकीवर शेजारधर्म चारी बाजूंनी ताणून बांधला होता. तेवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला. ती पोराला काखेला मारून तशीच पळाली.

“आकारामदादा, पाच मिनिटं थांबा. ह्याला ठेवतो आणि आलोच.”

“तिकडं भट्टी थांबती व्हय ग?”

“मग ह्याला घिऊन येतो. कोपऱ्यात बसंल गप.”

“फौंड्री हाय ती. अंगणवाडी न्हाय.”

मागून हिरव्या ओढणीची बाई आली. तिचे दोन्ही हात रिकामे होते. आकारामनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मोकळ्या हायसा व्हय?”

“आत्ताच झालो,” ती म्हणाली.

ती संघप्रियाच्या जागेवर बसली. गाडी गेली.

संघप्रिया परत आली तेव्हा विजयसिंह नव्हते. त्यांना दुसऱ्या गल्लीत बाकड्याचं उद्‌घाटन होतं. ज्यांना टोकन मिळालं नव्हतं त्या शिव्या देत घरी गेल्या होत्या. दारात अंबाडा सुटलेल्या आक्काताई उभ्या होत्या आणि आतून एकजात सगळ्या पोरांचं रडणं ऐकू येत होतं.

“गाडी गेली?”

“गेली.”

आक्काताईंनी सुटलेला अंबाडा बांधला. मग म्हणाल्या, “म्हंजे आता तू घरीच की.”

“घरीच.”

“मग ये आत. ह्यातली दोन धर.”

संघर्ष कुणाला न विचारता आत शिरला. संघप्रियानं चप्पल काढली आणि त्यातल्या त्यात जोरात रडणारं पोर उचललं.

ते हिरव्या ओढणीच्या बाईचं होतं.