नववी इडली

१९६३ साली उरणजवळच्या एका शाळेत नाव घातल्यापासून सहा महिने वल्लीने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. "पोर मुकी हाय, गुरुजी. नाव काढून टाका," असं शाळेत पाणी भरणारी बायजा रोज सांगे. शेवटी एका सकाळी चांगदेव गुरुजी तेच कळवायला वल्लीच्या घरी गेले.

वडील नौदलाच्या डेपोत कामावर गेलेले, आणि घरातल्या बायकांना तमिळखेरीज काही येत नव्हतं. वल्ली मात्र आजीशी अखंड बडबडत होती! गुरुजी थक्क होऊन पाटावर बसले, तशी आजी त्यांच्या पानात इडल्या वाढू लागली. पानात काही टाकायचं नाही ही त्यांची शिस्त, म्हणून ते प्रत्येक इडली संपवत. आणि पान रिकामं दिसलं की आजीला वाटे, पाहुणा अजून उपाशीच आहे. 'पुरे' कसं म्हणावं ते गुरुजींना सुचेना. घामाघूम होऊन ते नुसतेच हसत राहिले.

नवव्या इडलीला वल्लीने त्यांच्या पानावर हात आडवा धरला, आजीला काहीतरी सांगितलं आणि गुरुजींच्या कानाशी येऊन चक्क मराठीत म्हणाली,



"घाबरू नका, गुरुजी. शाळेत माझंपण असंच होतं."