मंत्र्यांचा फोन

फोन वाजला तसे पाइंदा गुल उठून उभे राहिले. काबूलहून नुसता आवाज येणार होता, समोर कुणी नव्हतं. तरी त्यांनी कोटाची बटणं लावली.

समोरच्या फ्लॅटमधली मंजिरी सोफ्याच्या कडेला बसली होती. पाइंदाचाचांना आज एकटं सोडणं तिला जमेना. त्यांची बायको स्पोझमई मंगळवारी लंडनमध्ये, हाउन्सलोजवळच्या हॉस्पिटलमध्ये वारली. मला झमरायशेजारी पुरा, एवढंच तिनं शेवटी मागितलं होतं.

झमराय त्यांचा एकुलता एक मुलगा. गावातल्या मुलींच्या शाळेत बाप-लेक दोघंही शिकवायचे. तोरक नावाच्या कमांडरनं ती शाळा जाळली, तेव्हा झमराय आत होता. चाचा-चाची जीव मुठीत धरून इकडे आले. तिकडे तोरकनं सरकारी चौक्या उडवल्या, तो डोंगरात लपून राहिला, त्याच्या डोक्यावर बक्षीस लागलं. मग सरकार पडलं आणि तो मंत्री झाला. आता त्या जिल्ह्यात त्याच्या शब्दाशिवाय मयतसुद्धा आत जात नव्हतं.

मंजिरीला पश्तो येत नव्हती. पलीकडचा आवाज मऊ होता, जावयासारखा अदबशीर. मध्ये मध्ये ‘उस्ताद’ ऐकू यायचं. या तोरकला लहानपणी अक्षरं चाचांनीच गिरवायला लावली होती, हे चाचीनं तिला सांगितलं होतं. चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी काहीतरी पुटपुटले आणि फोन बंद झाला.

“काय म्हणाले, चाचा?” तिनं हिंदीत विचारलं.

“परवानगी दिली. एअरपोर्टवर गाडी पाठवतो म्हणाला.”

“मग चाचीला नेता येईल! मॉर्च्युरीला मी आत्ताच फोन करते.”

“कर.”

ते खुर्चीत बसले. कोटाची बटणं सोडायची त्यांना आठवण राहिली नाही.

“अजून काही बोलले का?”

“हो. म्हणाला, उस्ताद, तुम्ही मुलींना शिकवलंत, आमच्याविरुद्ध बोललात. ते सगळं मी विसरलो. तुम्हाला माफ केलं.”

मंजिरीच्या हातातला फोन तसाच राहिला. “आणि तुम्ही?”

चाचांनी स्पोझमईच्या पलंगाकडे पाहिलं.

“मी त्याचे आभार मानले, बेटी. दोनदा. पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणाला.”